लाँगबोची मूठ: ताठ की वाकणारी?

लाँगबोला, म्हणजे लांब, साध्या धनुष्याला, मला ताठ, ओढताना न वाकणारी मूठ आवडते. पकड ४ इंच, दोन्हीकडे २-२ इंचांचा उतार (जिथे मुठीची जाडी हळूहळू कमी होते), रुंदी सव्वा इंच, जाडी दीड इंच. मूठ अरुंद, म्हणून बाण मध्यरेषेजवळून सुटतो आणि नेम साधतो. पण हे ८ इंच वाकत नाहीत, त्यामुळे २८ इंचांच्या ओढीला (पूर्ण ओढल्यावर मुठीपासून दोरीपर्यंतचं अंतर) धनुष्य ६६ इंच तरी धरावं.

वाकणाऱ्या मुठीत सगळी लांबी राबते, धनुष्य आखूड चालतं. हातात मात्र हालचाल जाणवते. गोव्याच्या पावसाळ्यात तिचं एक बरं, ताठ मुठीत जाडीसाठी चिकटवतात तो ठोकळाच नसतो. फोंड्याच्या दमट हवेत ताठ मुठीचा उतार जरासा वाकला, तरी ठोकळ्याची कड सुटू लागते. नख फिरवलं की बारीक फट लागते. इथे उतार अडीच इंचांचा ठेवा.