कॉलेजच्या को-ऑप ऑफिसमधून स्टुडंट घेतले, दोन टर्मचा अनुभव (५ पैकी ४ स्टार)

आधी सांगते, कॉलेजचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये, कारण पुढे थोड्या तक्रारी पण आहेत आणि तिथल्या लोकांशी मला परत काम करायचंय. कॅनडात ओंटारियोतलं सरकारी कॉलेज आहे एवढं पुरे. इकडे कंपनी चालवणारे किंवा माझ्यासारखे "तू बघ गं जरा" म्हणून हायरिंग गळ्यात पडलेले बरेच मराठी लोक आहेत, त्यांच्यासाठी लिहितेय.

आमचं कंट्रोल पॅनलचं (मशीन चालवणारे इलेक्ट्रिकल बोर्ड) शॉप, माणसं मोजून चौदा, त्यात बॉस आणि हिशेब बघणारी त्याची बायको पण धरली. मी डिझाइनला आहे, एचआर वगैरे आमच्याकडे नाही. गेल्या वर्षी काम वाढलं आणि बॉस म्हणाला की एखादा स्टुडंट घेऊ, स्वस्तात पडेल. तर पहिली गोष्ट, स्वस्तात पडेल हे डोक्यातून काढा. पैसे परत मिळतात, त्याचा हिशेब खाली देते, पण पहिले दोन आठवडे आमचा सिनियर वायरमन निम्मंच काम करू शकला कारण बाकीचा वेळ शिकवण्यात गेला, आणि तो खर्च कुठल्याच फॉर्मवर लिहिता येत नाही.

आधी आम्ही शहाणपणा करून एका जॉब साइटवर पैसे भरून जाहिरात टाकली होती. शेकड्याने अर्ज आले, आणि त्यात स्टुडंट शोधायला बसले तर निम्मे लोक भलत्याच देशातले, कोणी शेफ, कोणी ट्रक ड्रायव्हर, एकाने तर बायोडेटाच्या जागी लाइट बिल जोडलेलं. ते पैसे गेले ते गेलेच. मग कोणीतरी म्हणालं की कॉलेजचं को-ऑप ऑफिस (मुलांना टर्मभराची पगारी नोकरी लावून देणारं) फुकट आहे, तिथे का नाही विचारत. आणि खरंच फुकट, जाहिरात फुकट, इंटरव्ह्यूला खोली फुकट, कॉलेजमध्ये गेलं तर पार्किंगचा पास पण त्यांनीच दिला.

ज्यांना को-ऑप म्हणजे काय हेच माहीत नाही त्यांच्यासाठी, हे आपल्याकडच्या इंटर्नशिपसारखं सर्टिफिकेटपुरतं नसतं. एक टर्म कॉलेज, एक टर्म पूर्ण वेळ पगारी नोकरी, परत कॉलेज. कल्पना जुनी आहे, अमेरिकेत सिनसिनाटीला हर्मन श्नायडर नावाच्या प्राध्यापकाने १९०६ साली सुरू केली, तेव्हा मुलं एक आठवडा वर्गात आणि एक आठवडा कारखान्यात अशी आलटून पालटून जायची. कॅनडात वॉटरलू युनिव्हर्सिटी १९५७ ला सुरू झाली तीच को-ऑप धरून. मला स्वतःला हे ओळखीचं वाटलं कारण माझा डिप्लोमा पुण्यात सँडविच पॅटर्नचा होता, सहा महिने भोसरीत इनप्लांट ट्रेनिंग, त्यातले पहिले पंधरा दिवस मी फक्त लोखंडाचा चौकोनी तुकडा कानशीने घासला आणि फोरमन राइट अँगल लावून बघायचा आणि काही न बोलता तुकडा परत द्यायचा. पगार शून्य. चहा मात्र दोनदा.

असो. आमची पहिली जाहिरात बॉसने लिहिली, म्हणजे जुन्या इलेक्ट्रिशियनच्या जाहिरातीवरून कॉपी पेस्ट केली. तीन वर्षांचा अनुभव हवा, प्रेशरखाली काम करता यायला हवं, सकाळी सातला हजर. दोन आठवड्यांत चार अर्ज. चार! मला वाटलं कॉलेजच भिकार आहे. मग तिथल्या को-ऑर्डिनेटरबाईंचा फोन आला (या बाई म्हणजे त्या ऑफिसचा जीव, पाचवा स्टार मिळाला असता तर यांच्यामुळे) आणि त्यांनी सरळ विचारलं, तुमच्याकडे बस येते का? मी म्हटलं स्टॉप आहे की. तो स्टॉप पंचवीस मिनिटं लांब आणि पहिली बस सव्वासातला. स्टुडंटकडे गाडी कुठून असणार, आणि आम्ही म्हणतोय सातला हजर. चौदाच्या चौदा जण गाडीने येणारे, कोणाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

मग त्यांनी सांगितलं तसं परत लिहिलं. तासाचे किती डॉलर ते वरच्या ओळीत आकड्यात, "अनुभवानुसार" वगैरे नाही. शिकवणार कोण. पहिल्या महिन्यात हातात काय काम येईल, तर वायरला नंबर लावणं, फेरूल (वायरच्या टोकाची धातूची छोटी टोपी) क्रिम्प करणं म्हणजे दाबून बसवणं, वायरमनने लाल पेनने केलेल्या दुरुस्त्या ड्रॉइंगमध्ये चढवणं. वेळ साडेआठ केली आणि बसचा नंबर सुद्धा टाकला. अनुभव हा शब्दच काढला. दहा दिवसांत एक्केचाळीस अर्ज.

या एक्केचाळीस अर्जांची गंमत म्हणजे बायोडेटा सगळ्यांचा एकाच साच्यातला, कारण को-ऑपला जायच्या आधी कॉलेजच त्यांना वर्ग घेऊन ते शिकवतं. आणि कव्हर लेटर तर विचारू नका, सगळ्यांनाच आमच्या इनोव्हेटिव्ह कल्चरचं प्रचंड आकर्षण. आमचं कल्चर म्हणजे मायक्रोवेव्हमध्ये मासे कोणी गरम केले यावरून होणारी भांडणं. त्यामुळे मी कव्हर लेटर वाचणं सोडून दिलं आणि फक्त एवढं बघितलं की याने स्वतःच्या हाताने कधी काही केलंय का. एकाने बापाच्या गॅरेजचं दार स्वतः दुरुस्त केलेलं, एक मुलगी उन्हाळ्यात सायकलच्या दुकानात होती, असे आठ जण बोलावले.

इंटरव्ह्यूला मी प्रश्न कमी ठेवले. टेबलावर एक डीन रेल (पॅनलमध्ये सामान बसवायची धातूची पट्टी), वायर जोडायचे दोन टर्मिनल ब्लॉक, वायर, स्ट्रिपर, क्रिम्पर, फेरूलची डबी आणि एक साधं ड्रॉइंग. त्या ड्रॉइंगमध्ये वायर नंबर ३७ मी मुद्दाम चूक म्हणून दोन ठिकाणी टाकला होता. सांगायचं एवढंच की एवढ्या तीन वायर जोडून दाखव, वीस मिनिटं. कोणी वायर सोलताना तांब्याचे तार कापले, कोणी फेरूलला वायरसकट इतकं दाबलं की ते गळूनच पडलं, ते सगळं चालतं, ते शिकवता येतं. सायकलवाली मुलगी दोन वायर लावून थांबली. बराच वेळ ड्रॉइंगकडे बघत बसली, मला वाटलं अडकली बिचारी. मग हळूच म्हणाली, सॉरी, पण हा ३७ दोनदा आलाय, तुम्हाला यातला कुठला हवाय? आमचा वायरमन साठीच्या पुढचा आहे आणि सहसा बोलत नाही, तो मागे उभा होता, त्याने माझ्याकडे बघून फक्त मान हलवली.

आणि इथे आमच्या बॉसने घाण केली. मी गुरुवारी म्हटलं ऑफर देऊ. तो म्हणाला वीकेंडला विचार करतो. मग सोमवारी कस्टमर आला, मंगळवारी मशीन बंद पडलं. बुधवारी को-ऑर्डिनेटरबाईंना फोन केला तर मुलीला दुसऱ्या ठिकाणी इंटरव्ह्यूला बोलावलेलं, आणि आमच्या दोन नंबरच्या पोराने तर गाड्यांच्या पार्टवाल्या मोठ्या कंपनीला हो म्हणून टाकलेलं. त्या दिवशी दुपारी बॉसच्या डोक्यावर उभं राहून ऑफर पाठवली तेव्हा ती मिळाली. मोठ्या कंपन्यांशी आपण पगारात नाही टिकू शकत, नावात तर नाहीच, पण त्यांना सही घ्यायला तीन लोक लागतात आणि आपल्याला एक, निदान तेवढा फायदा तरी घालवू नका.

वॉटरलूची पद्धत वेगळी आहे, मैत्रिणीची लेक तिथे आहे म्हणून कळली. तिथे मुख्य राउंडमध्ये इंटरव्ह्यू झाले की कंपनी क्रम लावते, ज्याला घ्यायचंच आहे त्याला १, बाकीच्यांना २ ते ९ किंवा रँकच नाही, आणि मुलं पण आपल्या बाजूने कंपन्यांना तसेच आकडे देतात, मग दोघांच्या आकड्यांची बेरीज जितकी कमी तितकी जोडी आधी जुळते. थोडक्यात पत्रिका. मैत्रिणीची लेक सांगत होती की इंटरव्ह्यूत समोरचा माणूस फोन बघत बसला की मुलं त्याला सरळ खालचा नंबर देतात. आमच्या कॉलेजात असलं काही नाही, ऑफर द्यायची आणि मुलांनी दोन दिवसांत हो नाही सांगायचं.

सगळ्यात महत्त्वाचं कॅलेंडर. टर्म तीनच, जानेवारी ते एप्रिल, मे ते ऑगस्ट, सप्टेंबर ते डिसेंबर. मे मध्ये माणूस हवा असेल तर जाहिरात जानेवारीत लागते. एप्रिलमध्ये जाऊन "आहे का कोणी" विचारलं तर उरलेसुरले मिळतात, कधी कधी त्यातही हिरा निघतो पण ते नशीब.

आता पैसे. आम्ही तासाला २२ डॉलर दिले, आठवड्याला ४० तास, १६ आठवडे, म्हणजे १४,०८० डॉलर. फेडरल सरकारची स्टुडंट वर्क प्लेसमेंट म्हणून योजना आहे, त्यात पगाराच्या ५० टक्के पण जास्तीत जास्त ५,००० मिळतात, आणि इंजिनीअरिंगसारख्या विषयातली मुलगी, पहिल्या वर्षाचा विद्यार्थी, अपंग विद्यार्थी वगैरे असेल तर ७० टक्के, जास्तीत जास्त ७,०००. मुलगी असल्यामुळे आम्हाला ७,००० बसले. वर ओंटारियोचं को-ऑप टॅक्स क्रेडिट (टॅक्समधून परत मिळणारे पैसे), मोठ्या पगारबिलाच्या कंपनीला २५ टक्के, अगदी छोट्या कंपनीला ३०, पण एका प्लेसमेंटला ३,००० च्या वर नाही. आणि इथे मेख आहे जी मला अकाउंटंटने सांगितली, फेडरलचे मिळालेले पैसे आधी वजा करायचे आणि मग उरलेल्यावर टक्के. आम्ही २५ वाल्यांत, म्हणजे ७,०८० चे २५ टक्के, १,७७०. एकूण ८,७७० परत. हे क्रेडिट टॅक्स रिटर्नसोबत शेड्यूल ५५० भरून मागायचं, आणि कॉलेजकडून प्लेसमेंटचं लेटर न विसरता घ्यायचं. फेडरलवाले पैसे आम्हाला टर्म संपल्यावर पे-स्टब (पगाराच्या पावत्या) पाठवल्यावर आले, त्यामुळे चार महिने पगार आपल्याच खिशातून जातो हे धरून चाला.

दुसऱ्या टर्मला अर्जांत एक मराठी आडनाव दिसलं. खोटं कशाला बोलू, हात थांबला माझा. मग स्वतःलाच दटावलं आणि त्याला बाकीच्यांसारखाच ३७ चा पेपर दिला, पोराने वायरिंग इतकं सुबक केलं की बघत राहावं, वळणं सगळी काटकोनात. पूर्ण इंटरव्ह्यू इंग्लिशमध्ये आणि दारातून जाताना "मॅडम, तुम्ही पुण्याच्या का?" माझ्या इंग्लिशवरूनच कळलं म्हणे. पण तो इंटरनॅशनल स्टुडंट, आणि फेडरलच्या योजनेत सिटिझन, पीआर (कायम राहायची परवानगी असलेले) किंवा रेफ्युजी म्हणून संरक्षण मिळालेलेच बसतात. स्टडी परमिटखेरीज त्याच्याकडे को-ऑपचं वर्क परमिट होतं, ते सगळं चोख, फक्त सबसिडी नाही. बॉस कुरकुरला. मी हिशेब मांडला की वजा करायला काही नसल्यामुळे टॅक्स क्रेडिट पूर्ण ३,००० मिळतं, फरक ५,७७० चा, आणि एक पॅनल चुकीचं वायर होऊन कस्टमरकडून परत आलं तर याच्यापेक्षा जास्त जातात. घेतला. सबसिडी मिळणारा म्हणून स्टुडंट निवडणाऱ्या कंपन्या इकडे भरपूर आहेत आणि मला ते पटत नाही, अर्थात चेक माझ्या खिशातून जात नाही म्हणून मला बोलायला सोपं आहे हे पण खरं.

तक्रारी: टर्मच्या मध्यात को-ऑर्डिनेटरबाई बदलल्या आणि नवीन माणसाला आम्ही कोण हे पहिल्यापासून सांगावं लागलं. पूर्वी कॉलेजचा माणूस येऊन जागा बघायचा म्हणे, आमच्याकडे बारा मिनिटांचा व्हिडिओ कॉल झाला, त्यातली चार मिनिटं त्याचा आवाजच येत नव्हता. शेवटी मार्क द्यायचा फॉर्म तर असला गुळमुळीत, टीमवर्क १ ते ५, कम्युनिकेशन १ ते ५, अरे पण पोरीला वायरिंग येतं का ते कुठे लिहू? मी खालच्या रिकाम्या चौकटीत लिहिलं. आणि पोर्टल! सगळे अर्ज मिळून एकच भलीमोठी पीडीएफ येते, कुठला बायोडेटा कुठे संपतो ते स्क्रोल करून शोधा. एक स्टार यांचाच कापलाय.

मुलगी आता शेवटच्या टर्मला आमच्याकडेच परत येतेय, तिनेच मेल करून विचारलं. बोलता बोलता तिने हेही सांगितलं की वर्गात आमचा इंटरव्ह्यू फेमस झालाय, तेव्हा नवीन बॅचसाठी मी ड्रॉइंग बदललंय. ३७ आता एकदाच आहे. चूक दुसरीकडे टाकलीय, कुठे ते इथे लिहिणार नाही, तिकडची मराठी पोरं पण हे वाचत असतील.