जुनी लाकडी शिडाची बोट परत पाण्यात उतरवताय? कापूस-पुट्टी की फायबर, आधी बोट बघा

जुनी सागवानी शिडाची बोट कुणाच्या हाती लागली की पहिला सल्ला हमखास येतो, "वरून फायबर मारून टाक रे, कटकटच संपली" (फायबर म्हणजे काचेचं कापड आणि ते चिकटवून कडक करणारं रेझिन). दुसरा बरोबर उलटा, लाकूड ते लाकूड, केमिकल लावायचंच नाही. दोन्ही सल्ले बहुतेक वेळा बोट न बघताच दिलेले असतात. बोट बांधलीय कशी ते आधी बघा, अर्धं उत्तर तिथेच मिळतं.

आपल्याच किनाऱ्यावर बांधलेल्या दोन बोटी घेऊ, दोन्ही लाकडाच्या आणि दोन्ही जगाला वळसा घालून आलेल्या. पहिली सुहैली. 1960 च्या दशकात मुंबईत कुलाब्याला बांधलेली, 32 फुटी, सागवानी. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन 1968-69 मध्ये तिच्यावर एकटा, कुठेही न थांबता पृथ्वी फिरून आला, असं करणारा पहिला माणूस. दुसरी म्हादेई, गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांच्या यार्डात बांधलेली, 2009 मध्ये नौदलाकडे आली. तिच्यावर दिलीप दोंदे 2009-10 मध्ये चार ठिकाणी थांबत आणि अभिलाष टॉमी 2012-13 मध्ये एकदाही न थांबता, दोघेही एकटेच, मुंबईहून निघून मुंबईत परतले.

फरक सांध्यात आहे. सुहैलीच्या फळ्या एकमेकींना चिकटवलेल्या नाहीत, त्या आतल्या बाकदार फासळ्यांवर ठोकल्यात आणि दोन फळ्यांमधल्या फटीत कापूस ठासून वर पुट्टी. पाण्यात गेली की फळी फुगते, फट आवळते, आणि बोट बाहेर काढून ठेवली की फळी आटते आणि फट परत उघडते. म्हणजे हे लाकूड सतत हलतं, आणि ते हलणार हे धरूनच बोट बांधलेली असते. म्हादेईचं गणित वेगळं, तिथे लाकूड मधे आणि आतून-बाहेरून काचेच्या कापडाचा आणि रेझिनचा थर, सगळं मिळून एकच जाड साल, आत पाणी जायलाच नको.

मग पहिल्या प्रकारच्या बोटीवर फायबर चढवलं तर? एक-दोन सीझन झकास दिसेल. पण आत फळ्या हलतातच, वरची साल मात्र हलत नाही, त्यामुळे कुठेतरी सुटते, आणि सुटलेल्या जागेतून शिरलेलं पाणी बाहेर यायला वाट नसते, लाकूड आतल्या आत कुजतं आणि बाहेरून पेंट चकचकीत. त्यात आपल्याकडे अजून एक लफडं आहे. साग मुळातच तेलकट, आणि कोकणातल्या जुन्या होड्यांना वर्षानुवर्षं माशाचं नाहीतर काजूच्या टरफलांचं तेल पाजलेलं असतं, म्हणजे रेझिन धरायला कोरडं लाकूडच नाही. गल्लोगल्ली मिळतं ते स्वस्त पॉलिएस्टर रेझिन तर सागावर टिकतच नाही. एपॉक्सी हे दुसरं रेझिन टिकतं, पण पृष्ठभाग खरवडून, अ‍ॅसिटोनने पुसून लगेच लावलं तर, आणि लाकूड खरंच सुकलेलं असेल तर. कोकणच्या हवेत लाकूड "खरंच सुकणं" ही काय चीज आहे ते तुम्हाला माहितीच आहे.

उलट फळ्या मुळातच चिकटवलेल्या असतील तर कापूस-पुट्टीचा प्रश्नच येत नाही. तिथे तडे खरवडा, एपॉक्सी भरा, वर पेंट मारा. पेंट हवाच, एपॉक्सी उन्हात उघडं ठेवलं की पिवळं पडून भुकटी होतं.

मेन्टेनन्सचा हिशोब मात्र सरळ नाहीये. ठोकीव फळ्यांच्या बोटीला दरवर्षी काम, बाहेर काढा, सांधे तपासा, सैल कापूस बदला, खालच्या बाजूला शेवाळं-शिंपल्यांविरुद्धचा पेंट. पण ते काम छोटं असतं आणि एकेक फळी बदलता येते. सुहैली म्हणूनच अजून तरंगतेय. ग्रीनिचच्या म्युझियममध्ये कोरड्या हवेत ठेवली तर तिच्या फळ्या आटायला लागल्या, 2002 मध्ये मालकाने तिला बाहेर काढलं, नंतर दुरुस्त केली आणि 2018 मध्ये फॅल्मथला पन्नाशीच्या सोहळ्यात ती परत शिडं लावून हजर. फायबरवाल्या बोटीला वर्षाचं काम कमी, पण जेव्हा निघतं तेव्हा मोठं निघतं. माणसांचंही बघा, कापूस ठासणारा जुना सुतार आता शोधावा लागतो आणि फायबरवाला पोरगा उद्या सकाळी येतो, बरेच जण खरं तर याच कारणाने फायबरकडे जातात, मान्य करत नाहीत इतकंच.

खिळे दोन्हीकडे तपासा. लोखंडी खिळा गंजून फुगतो आणि भोवतीचं लाकूड खातो, फळीवर काळे डाग दिसले तर सांधे राहू दे, आधी खिळे. आणि कुजण्याचं म्हणाल तर खारं पाणी एवढं वाईट नाही, पावसाचं गोडं पाणी वाईट. जून ते सप्टेंबर बोट ताडपत्रीखाली, पण आत हवा खेळती ठेवून.

माझं मत विचाराल तर फासळ्या आणि खिळे ठीक असतील तर ठोकीव बोटीला कापूस-पुट्टीच. फासळ्याच गेल्या असतील आणि बोट फक्त दोन-चार वर्षं फिरवायचीय तर एपॉक्सी मारा, पण ते तिचं शेवटचं काम हे धरून चला. दर शनिवारी पाण्यात जायचंय आणि हातात ब्रश धरायचाच नाहीये तर सरळ फायबरची घ्या, त्यात लाज कसली. (नौदलाची काथ्याने शिवलेली शिडाची बोट 'कौंडिण्य' बघून कुणाला तसलं काही करावंसं वाटत असेल तर नमस्कार, तो नाद वेगळा.)

उतरवताना कापूसवाल्यांनी एवढं करा. कापूस फार घट्ट ठासू नका, फळी फुगल्यावर तिला जागा मिळाली नाही तर जोर फासळ्यांवर येतो. आधीचे काही दिवस बाहेरून ओली पोती लावून ठेवा. मग अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाच्या भरतीला उतरवा, दोन पंप आणि चार्ज केलेली बॅटरी बरोबर ठेवा, आणि पहिली रात्र तिला एकटी सोडू नका. पाणी येणारच, घाबरून लगेच बाहेर काढू नका. दोन-तीन दिवसांत कमी झालं नाही तर मात्र काढा, आणि आधी कीलच्या (बोटीच्या तळाचा कणा) लगतचा सांधा बघा. सुहैलीचाही तिथेच गळत होता, भर अटलांटिकमध्ये पाण्याखाली बुड्या मारत नॉक्स-जॉन्स्टनने तिथे कापूस भरला आणि वर तांब्याची पट्टी ठोकली, मधे एक शार्क आला तो गोळी घालून मारला. तुम्हाला भरती ओसरल्यावर चिखलात उभं राहून तेच करता येईल.