बेसबॉलचा पिच ट्रॅकर: अख्खा सीझन वापरल्यावर ३ स्टार, त्याच्या वर नाही

रिन्यूअलचं बिल आलंय, म्हणून आज लिहितोच. बॅटरकडे टाकलेल्या प्रत्येक बॉलचं, म्हणजे पिचचं, हे मशीन काय मोजतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. वेग, स्पिन, हवेतली मूव्हमेंट, बॉल हातातून सुटतो तो रिलीज पॉइंट, सगळं चोख. माझं भांडण आहे ते स्क्रीनवर सगळ्यात वर ठळक अक्षरांत येणाऱ्या ग्रेडशी.

अमेरिकेतल्या सर्वोच्च बेसबॉल लीगमध्ये, म्हणजे मेजर लीगमध्ये, पिच किती अवघड आहे ते सांगणारा 'स्टफ प्लस' हा आकडा वापरतात, त्याच्या धर्तीवर तो काढलाय, १०० म्हणजे सरासरी. पण स्टफ प्लसमध्ये बॉल कुठे गेला हे धरतच नाहीत, त्यासाठी 'लोकेशन प्लस' वेगळं असतं. इथे एकच आकडा. माझा पंधरा वर्षांचा मुलगा प्रत्येक पिचनंतर बॅटरमागे बॉल झेलणाऱ्या कॅचरच्या ग्लव्हऐवजी टॅबलेटकडे बघायला लागला. आकडा वाढावा म्हणून जीव तोडून टाकायचा आणि बॉल स्ट्राइक झोनच्या, म्हणजे बॅटरसमोरच्या वैध चौकटीच्या, बाहेर. ग्रेड लपवता येईल का म्हणून सपोर्टला विचारलं, तर ती सोय महागड्या प्लॅनमध्ये! आकडा न दाखवण्याचे जादा पैसे? मेलवर मेल केले, दरवेळी तेच छापील उत्तर. शेवटी त्या जागी काळी चिकटपट्टी लावली.

तोवर मी दोनच स्टार देणार होतो. पण पट्टी लावल्यावर खालचे आकडे नीट वाचले गेले. फास्टबॉल ताशी ७४ मैल, तर चेंजअप, म्हणजे फास्टबॉलसारखाच टाकलेला पण बॅटरला फसवायला हळू येणारा बॉल, ७१. एवढ्याशा फरकाने बॅटर कशाला फसेल? कोचने बॉल तळहातात आणखी खोल धरायला लावला, हाताचा वेग तोच ठेवून. आता चेंजअप ६६ वर येतो. नुसत्या डोळ्यांना हे कधी दिसलं नसतं. एक स्टार वाढवला.

चौथा देणार नाही. २००८ मध्ये भारतातून रिंकू सिंग आणि दिनेश पटेल यांना वेगवान स्ट्राइक टाकण्याच्या स्पर्धेतून निवडलं, मेजर लीगच्या पिट्सबर्ग पायरेट्स संघाने करारबद्धही केलं. मेजर लीगपर्यंत दोघंही पोचले नाहीत. मेजर लीगचा नावाजलेला पिचर ग्रेग मॅडक्सकडे कधी तुफान वेग नव्हता, पण बॅटरच्या मनातलं ओळखून त्याने ३५५ विजय मिळवले.

परवाच्या मॅचमध्ये बेसेस लोडेड होते, म्हणजे तिन्ही बेसवर समोरच्या टीमचे धावपटू उभे होते, आणि झोनमधून गेलेल्या बॉलला अंपायरने धडधडीत स्ट्राइक दिला नाही. पोराने चेहरा बदलला नाही. पिचर पाय टेकून बॉल टाकतो त्या रबरच्या पट्टीवरून पाय काढला, बॉल चोळला आणि पुन्हा त्याच जागी चेंजअप टाकला. बॅटरने आधीच बॅट फिरवली होती. हे कुठल्या ग्रेडमध्ये बसवणार?

इथे न्यू जर्सीत आमच्या भागातले क्लब ट्रायआउटआधी, म्हणजे निवड चाचणीआधी, या मशीनच्या अ‍ॅपचा रिपोर्ट मागायला लागलेत. द्या, पण सोबत अडचणीत सापडलेल्या एखाद्या इनिंगचा अख्खा व्हिडिओही पाठवा. मी बेसिक प्लॅनच घेतोय, तोही फक्त सीझनपुरता.