टिळकवाडीतील पुरावा कायद्याचा अभ्यासवर्ग: कॅनडाचे कलम २७६ आणि आपली न्यायालये

लैंगिक अत्याचाराच्या खटल्यात तक्रारदार स्त्रीचा पूर्वीचा लैंगिक इतिहास पुरावा म्हणून ग्राह्य धरावा का, या एकाच प्रश्नावर बेळगावच्या टिळकवाडीत वकिलांसाठी खासगी अभ्यासवर्ग चालतो आणि त्याचा बराचसा भाग कॅनडाच्या कायद्याला दिलेला आहे. खानापूर, निपाणी, चिकोडीच्या न्यायालयांत उभे राहणाऱ्यांना कॅनडाचे काय, असा प्रश्न काही सहकाऱ्यांनी केला. माझे मत असे की, आपल्या कायद्याने मनाई केली आहे खरी, पण ती पाळायची कशी याचे उत्तर तिथल्या कार्यपद्धतीत सापडते.

आरंभ सीबॉयर खटल्यापासून होतो. सरसकट बंदीमुळे निर्दोष आरोपीचा आवश्यक बचावही अडू शकतो, या कारणाने १९९१ मध्ये कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने जुने कलम रद्द केले आणि १९९२ मध्ये तिथल्या संसदेने दंडसंहितेचे कलम २७६ नव्याने लिहिले. पूर्वी संबंध होते म्हणून या वेळीही संमती असणार, किंवा अशा स्त्रीच्या शब्दावर विश्वास कमी ठेवावा, हे दोन्ही तर्क त्या कलमाने बाद केले. आरोपीशी असलेले आधीचे संबंधही त्यातून सुटत नाहीत. पुरावा इतर कारणासाठी हवा असेल, तर विशिष्ट प्रसंग नमूद करून लेखी अर्ज आणि प्रतिज्ञापत्र द्यावे लागते, सुनावणी ज्युरी आणि जनतेला बाहेर ठेवून होते, आणि त्या सुनावणीत तक्रारदाराला साक्षीसाठी भाग पाडता येत नाही.

वर्गाचे खरे सामर्थ्य अर्जलेखनाच्या सरावात आहे. आरोपी आणि तक्रारदार यांचे आधीपासून संबंध असलेल्या, कॅनडातील गोल्डफिंच खटल्यासारखी वस्तुस्थिती देऊन आमच्याकडून बचाव पक्षाचा अर्ज लिहून घेतला गेला. एका तरुण वकिलाने ‘उभयतांच्या नात्याची पार्श्वभूमी न्यायालयासमोर यावी म्हणून’ असे कारण लिहिले. शिक्षिकेने त्या ओळीखाली रेघ ओढून ‘कोणत्या वादमुद्द्यासाठी?’ एवढेच लिहिले आणि कागद परत केला. त्याने पुन्हा लिहिले, पुन्हा कागद परत आला. नात्याची पार्श्वभूमी एवढे कारण पुरेसे नाही, हेच २०१९ च्या त्या निकालाचे सूत्र, आणि ते व्याख्यानातून इतके पक्के बसले नसते.

आपल्याकडे ‘सर्वसाधारणपणे अनैतिक चारित्र्याची’ म्हणून पीडितेची साक्ष खोडण्याची मुभा २००२ च्या दुरुस्तीने गेली, २०१३ मध्ये जुन्या पुरावा कायद्यात कलम ५३अ आले, आणि १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियमाचे कलम ४८ लागू आहे. संमतीच्या मुद्द्यावर पूर्वीचा लैंगिक अनुभव अप्रस्तुत, इतके स्पष्ट शब्द त्यात आहेत. तरीही उलटतपासणीत प्रश्न आधी विचारला जातो, हरकत मागून येते, आणि हरकत मान्य झाली तरी पिंजऱ्यातल्या बाईने तो प्रश्न ऐकलेला असतो. आमच्या भागात मराठीत दिलेले उत्तर कन्नडमध्ये नोंदले जाताना शब्दांची छटा बदलते, तो धोका वेगळाच. प्रश्नाआधीच न्यायाधीशांची परवानगी घेण्याची कॅनडाची पद्धत म्हणूनच मला मोलाची वाटते, आणि वर्गाने ती नेमकी हेरली आहे.

उणिवा मात्र लहान नाहीत. कॅनडातील २०१८ च्या दुरुस्तीने लैंगिक आशयाचे संदेश आणि छायाचित्रेही कलमाच्या कक्षेत आणली, शिवाय ग्राह्यतेच्या सुनावणीत तक्रारदाराला स्वतःचा वकील देण्याचा हक्क दिला. जवळपास प्रत्येक प्रकरणात व्हॉट्सॲपचे संभाषण जोडलेले दिसते, अशा काळात हा भाग घाईने उरकणे मला पटले नाही. छापील टिपणे २०१९ पाशी संपतात. त्यामुळे ही चौकट वैध ठरवणारा २०२२ चा जे. जे. निकाल त्यांत नाही, आणि सरकारी पक्षाने तक्रारदाराचा लैंगिक इतिहास मांडायचा असेल तर त्यालाही चाळणी लावणारा २०२५ चा किनामोर निकालही नाही. सीबॉयरमधील न्यायमूर्ती लॉरू-दुबे यांचे भिन्न मत वाचून घेतले असते, तर आरोपीचा बचाव आणि तक्रारदाराचे संरक्षण यांतला तोल साधणे किती कठीण आहे हेही नवोदितांना कळले असते.

शिकवणे मराठीत आणि संथ लयीत होते, शंकांना पुरेसा वेळ मिळतो. शुल्क ज्युनिअर वकिलांना थोडे जड वाटेल, पण अर्ज तपासून देण्याची मेहनत पाहता ते मला अवाजवी वाटले नाही. पुढच्या तुकडीसाठी संयोजकांना माझी विनंती आहे की, टिपणे अद्ययावत करावीत आणि कलम ४८ च्या आधारे घ्यावयाच्या हरकतीचा नमुना मराठीबरोबर कन्नडमध्येही द्यावा, कारण आमच्या वकिलांना तो कन्नडमध्ये दाखल करावा लागू शकतो.