परदेशातील पहिले वर्ष आणि परतीची वाट : धरमपेठेतील एका सल्ला केंद्राचा अनुभव

मुलीने पहिले वर्ष जर्मनीत करावे आणि न रुळल्यास नागपूरला परत येऊन दुसऱ्या वर्षात प्रवेश घ्यावा, या विचाराने आम्ही धरमपेठेतील एका परदेशी शिक्षण सल्ला केंद्राची सेवा घेतली. जाण्याच्या तयारीबाबत केंद्राचे काम चोख आहे. एपीएस प्रमाणपत्र (भारतीय शैक्षणिक कागदपत्रे तपासून मिळणारा, जर्मनीसाठीचा दाखला), ब्लॉक्ड अकाउंट (तिकडच्या राहण्याच्या खर्चाची रक्कम आधीच भरून ठेवायचे खाते), व्हिसाची फाइल, सारे वेळेत झाले.

परतीच्या वाटेबद्दल मात्र "क्रेडिट ट्रान्सफर होऊन जाते", म्हणजे तिकडे मिळवलेले श्रेयांक इकडे धरले जातात, एवढेच उत्तर मिळाले, आणि ते मला अतिशय अपुरे वाटते. युरोपातील पूर्ण वर्ष 60 ईसीटीएस (युरोपातील सामाईक श्रेयांक पद्धत) क्रेडिटचे असते, पण त्यातील किती ग्राह्य धरायचे हे येथील विद्यापीठ विषयवार अभ्यासक्रम ताडून ठरवते. अभियांत्रिकीला महाराष्ट्रातील थेट द्वितीय वर्षाचा प्रवेश प्रामुख्याने पदविकाधारक आणि बी.एस्सी. झालेल्यांसाठी आहे. वैद्यकीय शिक्षणात तर परदेशातून भारतीय महाविद्यालयात बदली मिळतच नाही. 2022 मध्ये युक्रेनहून परतलेल्या विद्यार्थ्यांना याची झळ बसली.

केंद्रातील एका तरुण समुपदेशक मॅडमनी मात्र, वरिष्ठांनी विषय टाळल्यावरही, थांबून नीट सांगितले : तिकडून निघण्यापूर्वी प्रत्येक विषयाचा तपशीलवार अभ्यासक्रम, तासिकांसह, विद्यापीठाच्या शिक्क्यानिशी घ्यावा आणि गुणपत्रक तिकडच्या भारतीय दूतावासाकडून प्रमाणित करून आणावे. या एका सल्ल्याचे मोल मला संपूर्ण शुल्काहून अधिक वाटते. व्हिसासाठी या केंद्रात जरूर जावे. परतीचा प्रश्न मात्र इकडच्या विद्यापीठाला आधीच लेखी विचारावा.