हूड कॅनॉल की सानिच इनलेट? तळाशी उतरणारं समुद्राचं पाणी अभ्यासायला कुठली जागा घ्यावी

समुद्राचं थंड, खारट आणि म्हणून जड पाणी मुखाजवळचा उंबरठा (तळाचा उंचवटा) ओलांडून फियॉर्डच्या, म्हणजे हिमनदीने कोरलेल्या लांब, खोल खाडीच्या तळाशी कसं उतरतं, हा विषय प्रकल्पाला घेतला की पहिला प्रश्न जागेचा. सेलिश समुद्रात दोन नावं हमखास पुढे येतात: अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातलं हूड कॅनॉल आणि कॅनडातल्या व्हँकुव्हर बेटावरचं सानिच इनलेट.

पाण्याचा उगम दोन्हीकडे एकच. उन्हाळ्यात उत्तरेचे वारे पॅसिफिक किनाऱ्यालगत खोल पाणी वर आणतात आणि ते जुआन दे फुका सामुद्रधुनीतून आत शिरतं. हे पाणी खारट असतं आणि त्यात ऑक्सिजन कमी असतो. पुढे मात्र वाटा वेगळ्या होतात.

हूड कॅनॉलला जाणाऱ्या पाण्याला आधी ॲडमिरल्टी इनलेट ही सामुद्रधुनी पार करावी लागते. तिथे उधाणाच्या भरतीत प्रवाह इतके जोरदार असतात की जड पाणी वरच्या हलक्या पाण्यात घुसळलं जातं आणि त्याचा जडपणाच हरवतो. भांगाच्या, म्हणजे कमी जोराच्या भरतीच्या दिवसांत घुसळण मंदावते, तेव्हा ते घनता टिकवून आत सरकतं. म्हणजे भरती जोराची तेव्हा आवक कमी! मला या विषयातली सर्वांत सुंदर गोष्ट हीच वाटते. महिन्यातून एकदा बोट नेऊन सीटीडी (खारटपणा, तापमान आणि खोली मोजणारं उपकरण) खाली सोडली, तर नेमके हेच थोडे दिवस निसटतात. वॉशिंग्टन विद्यापीठाचे तरंगते बोये हूड कॅनॉलमध्ये पृष्ठभागापासून खोलवर सतत मोजमाप करतात. त्या नोंदींशिवाय काम सुरूच करू नये.

या आवकेचा परिणामही तिथे उघड दिसतो. नवं पाणी तळाशी बसलं की ऑक्सिजन संपत आलेलं जुनं पाणी वर उचललं जातं. त्यात दक्षिणेचा वारा सुटला, तर वरचा थर उत्तरेला ढकलला जातो आणि ते गुदमरलेलं पाणी थेट वर येतं. सप्टेंबर 2006 मध्ये दक्षिण भागात मोठ्या प्रमाणावर मासे मेले ते यामुळेच.

सानिच इनलेट शांत आहे. उंबरठा सुमारे 70 मीटरवर, तळ 200 मीटरहून खोल. घुसळण होते ती बाहेरच्या बेटांमधल्या अरुंद वाटांत. आतल्या टोकाला मोठी नदी नाही, त्यामुळे तळाचं पाणी महिनोन्महिने हलत नाही. ऑक्सिजन संपून हायड्रोजन सल्फाइड साठतं आणि उन्हाळ्याच्या शेवटी किंवा शरद ऋतूत नवं पाणी येतं तेव्हा फरक ठळक उमटतो. तळाच्या गाळात तर वर्षं मोजता येतात: वसंतातल्या डायटमचा (सूक्ष्म शैवालाचा) फिकट थर, हिवाळ्यातल्या मातीचा गडद. हे थर विस्कटायला तळाशी प्राणीच नसतात. 1996 मध्ये इथे आंतरराष्ट्रीय सागरी उत्खनन मोहिमेने गाळाचे नमुने काढले. 2006 पासून व्हीनस ही केबलने जोडलेली वेधशाळा इथे आहे आणि तिच्या नोंदी कुणालाही मोफत मिळतात.

भरती, प्रवाह, मिश्रण यांत रस असेल तर हूड कॅनॉल घ्या, आणि मोजमाप ॲडमिरल्टी इनलेटपासूनच सुरू करा. रसायन, सूक्ष्मजीव किंवा गाळ हा विषय असेल तर सानिच. बोटीचा खर्च परवडणारच नसेल, तरीही माझं मत सानिचला: तिथे घरबसल्याही चांगला प्रकल्प होतो.