एकाच मशीनवरचा क्लायंट-सर्व्हर: लूपबॅक टीसीपी की युनिक्स सॉकेट?

एकाच मशीनवर एक सर्व्हर आणि दोन-चार क्लायंट, एवढंच काम. नेम्ड पाइपचा (प्रोग्रामना जोडणारी, फाइलसारखं नाव असलेली नळी) विचार मी लवकर सोडला. सगळे क्लायंट एकाच पाइपात लिहितात आणि कोणाचं उत्तर कोणाला द्यायचं ते आपण सांभाळत बसायचं. उरले दोन पर्याय: १२७.०.०.१ वर (म्हणजे लूपबॅक, मशीनचा स्वतःकडेच येणारा पत्ता) टीसीपी, ही नेटवर्कवरची नेहमीची जोडणी, नाहीतर युनिक्स डोमेन सॉकेट, म्हणजे फाइलच्या पाथवरून होणारी त्याच मशीनपुरती जोडणी. मी दोन्ही वापरले आहेत.

कोडात फारसा फरक पडत नाही, पोर्टच्या (टीसीपीत प्रोग्राम ओळखायचा क्रमांक) जागी फाइलचा पाथ येतो एवढंच. दोन्हीकडे बाइटचा सलग प्रवाह मिळतो, त्यामुळे एक संदेश कुठे संपला हे आपल्यालाच ठरवावं लागतं. मी प्रत्येक संदेशाच्या आधी चार बाइटमध्ये त्याची लांबी पाठवतो. वेगात युनिक्स सॉकेट सहसा पुढे असतं, पण माझ्या छोट्या संदेशांना तो फरक जाणवला नाही.

मला जागचं हलवलं ते एका वेगळ्याच त्रासाने. माझा सर्व्हर ४५००० पोर्टवर असायचा आणि तो बंद असला की क्लायंट थोड्या थोड्या वेळाने पुन्हा जोडून बघायचा. एकदा सर्व्हर रात्रभर बंद राहिला. सकाळी क्लायंटच्या लॉगमध्ये ‘जोडणी झाली’ अशी नोंद, आणि उत्तर म्हणून त्याला त्याचेच संदेश परत येत होते! सर्व्हर सुरू करायला गेलो तर पत्ता आधीच वापरात असल्याची एरर. लिसन करणाऱ्या (जोडणीची वाट पाहणाऱ्या) पोर्टच्या यादीत ४५००० कुठेच नव्हता. शेवटी सगळी कनेक्शन्स काढली तेव्हा ती ओळ सापडली: अलीकडे १२७.०.०.१:४५०००, पलीकडेही १२७.०.०.१:४५०००. क्लायंट स्वतःलाच जोडला गेला होता.

लिनक्समध्ये कनेक्ट करणाऱ्या बाजूचा पोर्ट कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) स्वतः निवडतो, एरवी ३२७६८ ते ६०९९९ मधला. माझा पोर्ट नेमका त्याच पट्ट्यात होता. इतक्या प्रयत्नांत कधीतरी कर्नलने क्लायंटलाही ४५००० च दिला. दोन्ही टोकांनी एकाच वेळी जोडणी सुरू करणं टीसीपीला चालतं, म्हणून ती पूर्णही झाली. पट्ट्याखालचा पोर्ट घेतला की हा प्रकार थांबतो, हे मान्य. पण मग तो दुसऱ्या कुठल्या प्रोग्रामने घेतला नाही ना, हे बघणं आलंच.

युनिक्स सॉकेटला पोर्टच नसल्यामुळे हा प्रश्न मुळातच येत नाही. त्याचाही एक त्रास आहे: सर्व्हर अचानक मेला तर सॉकेटची फाइल मागे राहते आणि पुढच्या वेळी बाइंड (तो पत्ता ताब्यात घेणं) अडतं. मी आधी त्या फाइलला कनेक्ट करून बघतो. नकार आला तर मालक जिवंत नाही, मग अनलिंक करून (ती फाइल काढून) पुढे जातो. कोड लिहायचा तो एकदाच. पाथ मात्र आखूड ठेवा, लिनक्सवर त्याला १०८ बाइटच मिळतात.

शिवाय लूपबॅकच्या पोर्टवर त्या मशीनचा कुठलाही युजर येऊ शकतो. युनिक्स सॉकेटला फाइलची परमिशन लावता येते, आणि समोरच्या प्रोसेसचा पीआयडी (प्रोसेसचा क्रमांक) व युजर आयडी लिनक्सवर थेट कर्नलकडून कळतो. पासवर्ड, टोकन असलं काही मला लिहावं लागलं नाही.

उद्या क्लायंट दुसऱ्या मशीनवर जाणार असेल तर टीसीपीच बरं, त्यात वाद नाही. जावात युनिक्स सॉकेट १६ व्या आवृत्तीपासून आलं, त्यामुळे जुन्या जावावर अडचण होईल. विंडोज १० मध्येही ते आहे, पण फक्त स्ट्रीम (सलग प्रवाहाच्या) प्रकारात. मॅकवर पाथची मर्यादा १०४ बाइट आहे. यातलं काही तुम्हाला लागू होत नसेल, तर माझ्या मते युनिक्स सॉकेटनेच सुरुवात करावी. पत्ता तेवढा कोडात न लिहिता कॉन्फिगमधून घ्या, म्हणजे पुढे टीसीपीवर जायची वेळ आलीच तर सॉकेट उघडण्याच्या चार-पाच ओळींतच बदल करावा लागेल.